काळी चार ते काळी दोन

साताऱ्यातील एका जुन्या पेठेत, खाली कापडाचे दुकान आणि वर राहते घर अशा एका एकत्र कुटुंबाच्या दिवाणखान्यात, आठ महिने एक वस्तू जुन्या चादरीखाली झाकून पडली होती. नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला आणलेला तो कीबोर्ड होता. पहिल्या आठवड्यात घरातील प्रत्येकाने त्यावर बोटे फिरवली. आत भरलेल्या तयार धून एकामागून एक वाजवून झाल्या, कुत्र्याच्या भुंकण्याचा आणि टाळ्यांचा आवाज काढून झाला, आणि मग शाळा, शिकवणी व क्रिकेट यांच्या रेट्यात मुलगा ते वाद्य विसरला. घरातले शेठ त्याला ‘डेड स्टॉक’ म्हणू लागले. न खपलेल्या साड्यांचा गठ्ठा निदान सेलमध्ये तरी काढता येतो, हा कोठे काढायचा, असा त्यांचा प्रश्न असे.

अशी झाकलेली वाद्ये आपल्या समाजात किती घरांत असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खरेदी करताना चौकसपणा दाखवणारी आणि एका मीटरमागे रुपयासाठी घासाघीस करणारी माणसेही वाद्याच्या दुकानात गेली की दिव्यांच्या लुकलुकीला भुलतात. शेठही भुलले होते. पण त्या चादरीखालच्या वस्तूचे पुढे जे झाले, ते सांगण्याजोगे आहे.

शेठच्या पत्नी, ज्यांना दुकानातील माणसे काकी म्हणतात, या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत महिला मंडळाच्या मुख्य गायिका होत्या. संगीताचे शिक्षण नव्हते. सांगलीच्या माहेरी आईच्या मांडीवर ऐकलेली स्तवने आणि निसर्गाने दिलेला गळा एवढेच भांडवल. उपाश्रयात मंडळ बसले की काकींनी सूर द्यायचा आणि बाकीच्या पंचवीस-तीस जणींनी तो उचलायचा, अशी वहिवाट पडली होती. तो सूर पेटीवरील काळी चारचा होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि सांगण्याची गरजही नव्हती.

मग थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली. आजार बरा झाला, बोलणे पूर्ववत झाले. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर काही जणांच्या बाबतीत स्वरतंतूंना ताण देणाऱ्या नाजूक मज्जातंतूवर परिणाम होतो. संभाषणात तो जाणवत नाही, उंच स्वर मात्र लागत नाही. काकींचे तसेच झाले. पूर्वीच्या सुरात स्तवन सुरू करावे, तर अंतऱ्याला आवाज फाटे. दोन-तीन आठवडे त्यांनी प्रयत्न केला आणि मग त्या मागच्या ओळीत जाऊन बसू लागल्या. ओठ हलत, आवाज नसे. मंडळातील सर्वांच्या ते लक्षात आले होते, म्हणूनच कोणी त्याविषयी बोलले नाही.

एका दुपारी, दुकान वामकुक्षीसाठी बंद असताना, त्यांनी ती चादर उचलली. हेतू धूळ झटकण्याचा होता. नातवाने दाखवलेले बटण त्यांना आठवले, दिवा लागला. एका पट्टीवर बोट ठेवून त्यांनी हळूच तोंडाने तो सूर लावून पाहिला. उंच होता. त्याच्या डावीकडची पट्टी दाबली, मग तिच्या डावीकडची. असे उतरत उतरत एका काळ्या पट्टीशी त्या थांबल्या. तेथे ‘सा’ लावला तर वरचा ‘सा’ही, जेमतेम का होईना, लागत होता. ती काळी दोन होती. जुन्या सुरापासून ती पाच पट्ट्या खाली आहे, हे त्यांना नंतर समजले. त्या दुपारी एवढेच कळले की गळा गेलेला नाही, त्याने जागा बदलली आहे.

येथून खरेदीचा प्रश्न सुरू झाला. कारण घरातला कीबोर्ड खेळणे आणि वाद्य यांच्या सीमेवरचा होता. त्याच्या पट्ट्या अरुंद होत्या. पूर्ण मापाच्या वाद्यावर एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. पियानो, पेटी आणि चांगला कीबोर्ड यांच्यात त्यात फारसा फरक नसतो. लहान पट्ट्यांवर हात एकदा बसला की मोठ्या वाद्यावर तो अडखळतो, आणि प्रौढ माणसाची बोटे तर लहान पट्ट्यांवर एकाच वेळी दोन-दोन पट्ट्या दाबतात. काकींनी दुसरा कीबोर्ड घेण्याचा विषय काढला, तेव्हा शेठ म्हणाले, ‘घरात एक पडून आहे, त्यावर दुसरा कशाला?’ व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न चुकीचा नव्हता. पहिली खरेदी वाया का गेली, याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरी करू नये, हा नियम कापडाला लागू आहे तसा वाद्यालाही आहे.

उत्तर सांगलीत मिळाले. हळदीच्या व्यापारात असलेल्या धाकट्या भावाकडे लग्नकार्यासाठी काकी गेल्या असताना भावाने विचारले, ‘बेन, मिरजेला जाऊन यायचे का?’ सांगलीपासून मिरज जेमतेम दहा किलोमीटर. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये बनवण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, ते वाळवण्याची रीत, जवारी लावण्याचे कसब यांवर उभ्या असलेल्या या व्यवसायाला, म्हणजे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावातील वाद्यांच्या दुकानांत आज तानपुऱ्यांच्या रांगेशेजारी जपानी कीबोर्ड मांडलेले दिसतात.

दुकानदाराने काकींना आधी काहीच दाखवले नाही. ‘काय वाजवायचे आहे?’ एवढेच विचारले. नातवासाठी खरेदी करताना हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. ‘स्तवने. आणि माझी मलाच गाता यावीत, एवढे.’ मग त्याने दोन वाद्ये पुढे काढली आणि बाकीची जागेवरच राहू दिली.

काकींच्या निमित्ताने खरेदीचे निकष येथे नोंदवून ठेवणे उपयोगाचे होईल. पट्ट्या पूर्ण मापाच्या हव्यात आणि ६१ हव्यात, म्हणजे पाच सप्तके. पियानोच्या ८८ पट्ट्या स्तवन-भजनासाठी लागत नाहीत. पाश्चात्त्य पियानोच शिकायचा असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग पट्ट्यांना वजन असलेला डिजिटल पियानोच घ्यावा. दुसरा निकष अधिक महत्त्वाचा आणि दुकानात सहसा दुर्लक्षित राहणारा आहे: पट्टी हळू दाबली तर आवाज हळू, जोरात दाबली तर मोठा आला पाहिजे. अशा वाद्यात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यातील सूक्ष्म वेळ मोजून बोटाचा वेग ओळखला जातो. ज्या वाद्यात ही सोय नाही, तेथे बोट कसेही पडले तरी एकच आवाज येतो आणि हाताला कधी शिस्त लागत नाही. विक्रेता सांगेल त्यावर विसंबू नये. ध्वनी पियानोवर ठेवून एकच पट्टी दोन प्रकारे दाबावी, कानाला कळते. ही दोन्ही वैशिष्ट्ये असलेले नवशिक्याचे वाद्य साधारण दहा ते पंधरा हजारांच्या घरात मिळते. त्याहून स्वस्तात यांपैकी एक तरी गोष्ट सुटण्याचा संभव असतो, आणि त्याहून महाग घेतले तर नवशिक्या ज्यांना वर्षभर हातही लावणार नाही अशा बटणांचे पैसे मोजले जातात.

भारतासाठी काढलेल्या काही मॉडेलांत तानपुरा, तबल्याचे ठेके, हार्मोनियमचा ध्वनी असतो. आपल्या घरांना ती सोयीची. किती शे ध्वनी आणि किती शे ताल, हा आकडा मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असला तरी त्याला भुलू नये. हेडफोनची जागा अवश्य पाहावी. एकत्र कुटुंबात ती सूनबाईंच्या आणि सासूबाईंच्या दोघींच्याही मनःशांतीची हमी आहे. अडॅप्टर कंपनीचाच घ्यावा. व्होल्ट सारखे दिसले तरी धन-ऋण टोके उलट असू शकतात, आणि दोन-अडीचशे रुपये वाचवण्याच्या नादात वाद्य निकामी होते. स्टँड घेताना बसून पाहावे: कोपर पट्ट्यांच्या पातळीला आले पाहिजे. कॉटवर ठेवून, मांडी घालून, वाकून वाजवणाऱ्याची पाठ आठ दिवसांत तक्रार करते आणि पुन्हा चादर येते. जुने वाद्य घेण्यास हरकत नाही. सर्व पट्ट्या एकेक करून दाबाव्यात आणि एखादी मुकी किंवा एकदम किंचाळणारी निघाली तर तो सौदा सोडावा.

आणखी एक चौकशी आपल्या घरांनी खरेदीपूर्वीच करावी. देरासरात वाजवण्याचा विचार असेल तर संघाला विचारून घ्यावे. अनेक मूर्तिपूजक संघांत विजेवरचे वाद्य चालत नाही, पेटी चालते. स्थानकवासी परंपरेत वाद्याचा प्रश्नच नसतो. सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर पूजा-विधानांत मात्र ढोलकाबरोबर कीबोर्ड सर्रास दिसतो. हे आधी ठाऊक नसल्यामुळे उत्साहाने नेलेले वाद्य दारातूनच परत आणण्याची वेळ काहींवर आलेली आहे.

व्यापारी घरांना कीबोर्डाच्या एका प्रसिद्ध कंपनीचे नाव गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरमुळे परिचयाचे असते. ते योगायोगाने नव्हे. काशिओ बंधूंच्या कंपनीने १९५७ साली विजेच्या रिलेंवर चालणारे गणकयंत्र बाजारात आणले, आणि त्याच कंपनीने जानेवारी १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ हे पहिले वाद्य विक्रीस काढले. त्यानंतर थोड्याच काळात तिने कॅल्क्युलेटर आणि छोटा कीबोर्ड एकाच पट्टीवजा यंत्रात बसवला; जमाखर्च झाला की त्यावरच धून वाजवावी, अशी ती चीज होती. दुसऱ्या मोठ्या कंपनीचे मूळ तर आपल्या पेटीच्या नात्यातले निघते. जपानमधील हमामात्सु येथील एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी दुरुस्त केला आणि त्यातून त्यांचा वाद्यनिर्मितीचा उद्योग उभा राहिला. धातूची पट्टी हवेने थरथरून सूर देते, हे तत्त्व त्या ऑर्गनचे आणि आपल्या हार्मोनियमचे एकच.

हार्मोनियमवरून सातारा-सांगलीच्या या टापूत शंभर वर्षांपूर्वी जो वाद झाला, तो कीबोर्ड शिकणाऱ्याने जाणून घ्यावा असा आहे. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या पदावरून निवृत्त झाल्यावर श्रुतींच्या अभ्यासास लागले. बावीस श्रुतींवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांनी त्यांच्या प्रयोगांना गळ्याचे साहाय्य दिले, आणि ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने, सामान्य पेटीत न मिळणाऱ्या श्रुतींसाठी जास्तीच्या पट्ट्या असलेली खास ‘श्रुती हार्मोनियम’ इंग्लंडमध्ये बनवून घेण्यात आली. एका सरकारी नोकराने निवृत्तीनंतर केलेला तो उद्योग होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या वाद्याची चर्चा झाली, पण ते मान्य झाले नाही. बाजारात बारा पट्ट्यांची पेटीच राहिली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले.

देवलांची तक्रार मात्र खरी होती आणि ती कीबोर्डलाही तशीच लागू आहे. सप्तकाचे बारा समान तुकडे केल्यामुळे कोणत्याही पट्टीपासून गाता येते, हा लाभ. त्याची किंमत म्हणून प्रत्येक स्वर किंचित सरकतो. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर मिळवलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा कीबोर्डचा शुद्ध गंधार सुमारे चौदा भाग चढा असतो. मींड तर पट्ट्यांवर येतच नाही. मिरजेच्या त्या दुकानात काकींनी कीबोर्डवर गंधार दाबला, शेजारी कोणीतरी तानपुरा छेडला, आणि त्यांनी दुकानदाराकडे वळून म्हटले, ‘हे दोन नीट मिळत नाहीत.’ तो हसला. वाद्य विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाने ते ऐकले, याचा त्याला आनंद झाला असावा.

म्हणून कीबोर्डवर केवळ बोटांनी शिकू नये. वाजवताना गावे, निदान गुणगुणावे. कान गळ्याकडे ठेवावा. कीबोर्ड जागा दाखवतो, तेथे कसे उभे राहायचे हे गळाच ठरवतो.

काकींचे शिक्षण साताऱ्यात सुरू झाले. आठवड्यातून दोनदा एक वयस्कर पेटीशिक्षक येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी जे दाखवले, ते कोणाही नवशिक्याने आज रात्री करून पाहावे. कीबोर्डवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटातील पहिली काळी एक, दुसरी काळी दोन. तीनच्या गटात काळी तीन, चार आणि पाच. पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. काळी तीनला ‘सा’ मानून वर चढत गेले की सा, रे, ग, प, ध मिळतात: हा भूप. त्याच पाच पट्ट्या, पण काळी एकला ‘सा’ मानले तर मध्यम येतो आणि गंधार जातो: हा दुर्गा. काळी दोनपासून धानी. काळी चारपासून मेघ. आणि काळी पाचपासून कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद घेऊन मालकंस उभा राहतो. पट्ट्या त्याच, क्रम तोच. ‘सा’ कोठे मानला यावर सर्व अवलंबून. आपल्या संगीतात याला मूर्च्छना म्हणतात, आणि ती समजण्यास पूर्वी बरीच वर्षे लागत असत, असे शिक्षक म्हणाले. काळ्या पट्ट्यांवर चुकीचा स्वर लागण्याची सोयच नसल्याने पहिल्या दिवशीच काहीतरी गोड वाजते. ज्याला पहिल्या दिवशी गोड ऐकू येते, तो दुसऱ्या दिवशी बसतो.

बोटांना क्रमांक असतात: अंगठा एक, करंगळी पाच. पांढरी एकपासून सप्तक चढताना एक, दोन, तीन झाले की अंगठा हळूच हाताखालून पुढे सरकतो आणि पुन्हा एकपासून पाचपर्यंत जातो. आठ स्वर, पाच बोटे. अंगठ्याची ही सरक साधली की अर्धे काम झाले. ती न शिकता दोन बोटांनी वेचून वाजवणारे पुष्कळ असतात. त्यांचे पहिले गाणे लवकर बसते, दहावे कधीच बसत नाही.

डाव्या हाताचा प्रश्न पेटी पाहिलेल्यांना पडतो. पेटीत तो भाता चालवतो, कीबोर्डवर मोकळा. विकणारे तेथे ‘कॉर्ड’ आणि आपोआप वाजणारा संपूर्ण वाद्यवृंद सुरू करून दाखवतात. एक बोट दाबले की ढोल, गिटार, व्हायोलिन सर्व हजर. ऐकणाऱ्यास वाटते, माणूस वाजवतो आहे. हे उधारीचे वैभव आहे आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांत ते टाळावे. शिक्षकांनी काकींच्या डाव्या हाताला एकच काम दिले: खालचा सा आणि प धरून ठेवायचे. तानपुऱ्याची ती गरीब बहीण, पण गळ्याला आधार देते.

वेळेच्या बाबतीत शेठ उपयोगी पडले. एका ठोक दिवशी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे, असे शिक्षक म्हणताच ते म्हणाले, ‘रोजमेळासारखेच की. महिन्याचा एकदम लिहायला बसले की काहीतरी राहतेच.’ आणि त्यांनी एक जुनी लाल वही काढून दिली. काकी तिच्यात रोज तारीख, मिनिटे आणि कोठे अडले ते लिहू लागल्या. अडलेल्या दोन-तीन स्वरांपुरताच तुकडा निम्म्या गतीने दहा वेळा वाजवायचा, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करायची नाही, हा शिक्षकांचा आग्रह. प्रत्येक वेळी आरंभापासून वाजवणाऱ्याचा आरंभ उत्तम होतो आणि शेवट कच्चा राहतो. परीक्षेची हौस असणाऱ्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा आहेत, पाश्चात्त्य पद्धतीने जाणाऱ्यांना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या कीबोर्डच्या आहेत. काकींना परीक्षा द्यायची नव्हती.

चौथ्या महिन्यात भूपाच्या अंगाने जाणारे एक स्तवन त्यांना पूर्ण येऊ लागले. हात काळी तीनच्या काळ्या पट्ट्यांवर बसलेला आणि गळ्याला सोयीची काळी दोन. म्हणून नातवाने ‘ट्रान्सपोज’चे बटण तीन घरे खाली करून दिले होते. बोटे काळी तीनवर, आवाज काळी दोनचा. सोय उत्तम. शिक्षकांनी एकदा टोकले होते, ‘हे हातउसने आहे, विसरू नका.’

विसर पडलाच. मंडळाच्या बैठकीत विजेचे वाद्य चालत नसल्याने काकींनी उपाश्रयातील जुनी पेटी पुढे ओढली. पट्ट्या ओळखीच्या होत्या. भाता मारला, बोटे सवयीने काळ्या पट्ट्यांवर गेली, आणि सूर निघाला तो काळी तीनचा. पेटीला ट्रान्सपोज नव्हते. पहिली ओळ कशीबशी झाली, दुसऱ्या ओळीला आवाज पूर्वीसारखाच फाटला. कोणीतरी पटकन पुढचे स्तवन उचलले. काकींनी पेटी बंद करून जागेवर सरकवली.

घरी येऊन त्यांनी चादर शोधली, असे नातू सांगतो. शेठ वर आले तेव्हा कीबोर्ड पुन्हा झाकलेला होता. शेठ काही बोलले नाहीत. लाल वही उघडून त्यांनी शेवटचे पान वाचले आणि ती तशीच उघडी ठेवून खाली दुकानात गेले. गणिताने मुलाला मात्र राहवेना. तो पाटीवर मांडून दाखवू लागला: ‘बा, तू तीन घरे खाली मोज ना. सा काळी दोन. रे पांढरी चार. ग पांढरी पाच. प काळी पाच. आणि ध वरची पांढरी एक.’ अंतरे तीच, घरे निराळी. पाच काळ्यांच्या सुरक्षित अंगणातून बाहेर पडून पांढऱ्या-काळ्यांच्या मिश्र वाटेने जायचे होते. वहीत पुढील सात आठवडे एकाच स्तवनाच्या नोंदी आहेत. ट्रान्सपोजचे बटण शून्यावर आणून त्यावर चिकटपट्टी लावली गेली. भात्याच्या सरावासाठी शिक्षकांनी आपली पेटी पंधरा दिवस आणून ठेवली.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मंडळात काळी दोनचा सूर लागला. पुढच्या ओळीतील तरुण सुनांनी वळून पाहिले. त्यांना तो फारच खाली वाटला, आणि एकीने तसे म्हटलेही. पण दुसऱ्या ओळीच्या आरंभी मागच्या भिंतीकडून अनपेक्षित आवाज आले. सत्तरीच्या तीन-चार जणी गात होत्या. त्यांचे ओठ वर्षानुवर्षे हलत होते, हे सर्वांना ठाऊक होते. आवाज नसे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. काळी चार त्यांनाही कधीचीच झेपत नव्हती.

आता तेथे असे ठरले आहे की पहिली दोन स्तवने काळी दोनमध्ये होतील आणि पुढची नेहमीच्या पट्टीत. पुढच्यांना काकी नुसती साथ करतात, गात नाहीत. कीबोर्डवर चादर असते, कारण खाली रस्त्याची धूळ फार येते. दुपारी तीनला ती निघते. नातू सध्या मालकंसाच्या पाच पट्ट्यांवर एका सिनेमाचे गाणे बसवू पाहतो आहे आणि त्यात एक पांढरी पट्टी का लागते, हे त्याला अजून उमगलेले नाही.